हात खाली

"माई, शरूचा पाट कुठाय?"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात वाती वळत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दिला."

"दिला म्हणजे?"

"शेजारच्या ताराकडे. श्रावणातला शुक्रवार आहे, सवाष्णी जेवायला आहेत तिच्याकडे. पाट कमी पडत होते. आपले सगळे दिले."

"शरूचासुद्धा?"

"त्यावर काय तिचं नाव कोरलंय? एक दिवस नाही बसली तर काही अडत नाही. सणावाराचं तरी त्या पोरीला सर्कशीतल्या अस्वलासारखं नाचवू नका."

आतल्या खोलीतून चाकाचं किर्र किर्र ऐकू येत होतं. शरू तिची तीनचाकी सायकल उलटी ठेवून चाक फिरवत होती. तो आवाज चालू असला की ती कुठं आहे हे कळायचं, म्हणून घरातल्या सगळ्यांचा एक कान कायम त्या किर्र किर्रकडे असायचा.

"मी पाट घेऊन येते. लक्ष ठेवा," असं म्हणून मी चपला अडकवल्या.

ही दौंडच्या रेल्वे कॉलनीतली जुनी गोष्ट आहे. आमचे हे मालगाडीवर गार्ड होते. महिन्यातले निम्मे दिवस घराबाहेर. शरू, म्हणजे शर्वरी, तेव्हा सहा वर्षांची होती. बोलत नव्हती. हाक मारली तर वळून बघत नव्हती. तिच्या मागे ताट आपटलं तरी मान हलायची नाही आणि दोन खोल्या पलीकडे खडीसाखरेचा डबा उघडला तर धावत यायची, म्हणजे कान शाबूत होते. फिरतं चाक दिसलं की दोन्ही हात डोळ्यांच्या कडेला नेऊन बोटं फडफडवायची, पाखरानं पंख फडफडवावेत तशी. मग तिला कशाचंच भान राहायचं नाही.

'स्वमग्न' हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत आला नव्हता. एका डॉक्टरांनी मतिमंद म्हणून चिठ्ठी दिली. दुसऱ्यांनी चष्मा काढून मला विचारलं, "हे मूल तुम्हाला हवं होतं का?" आईची माया कमी पडली की मुलं अशी होतात म्हणे. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी शरूला इतकी घट्ट धरून बसले की ती ओरडायला लागली.

हेमाताई भेटल्या त्या त्यानंतर. पुण्यात दोन खोल्यांत त्या अशा मुलांना शिकवायच्या. परदेशात शिकून आलेल्या, पण नेसणं-बोलणं आपल्यासारखं. पहिलंच वाक्य त्या बोलल्या ते असं, "तुमच्या मायेचा इथं काही संबंध नाही. ती कमी पडली म्हणून हे झालं नाही, आणि नुसती ती ओतून हे जाणारही नाही. आपण हिला शिकवायचं. एकेका गोष्टीचे लहान लहान तुकडे करून."

"लहान मुलाला भाकरी कुस्करून देतो तसं?" मी विचारलं.

"अगदी तसंच."

पहिला तुकडा होता 'बस'. पाटावर बसली की लगेच "शाब्बास" आणि खडीसाखरेचा एक खडा. दुसरा तुकडा 'हात खाली'. दोन्ही हात गुडघ्यांवर. बोटं डोळ्यांशी गेली की शिकणं बंद पडतं, म्हणून ती खाली आणायची, असं तेव्हाचं शास्त्र होतं. मग थांबणं, तेही शब्दाविना, नुसत्या खुणेनं. मी माझा पंजा तिच्यासमोर उभा धरायचा. पंजा उभा आहे तोवर बसून राहायचं. पंजा खाली आला की साखर. आधी एका श्वासापुरता पंजा, मग दोन श्वास. त्या श्रावणापर्यंत आम्ही कुकरच्या एका शिट्टीपर्यंत पोचलो होतो. तेवढ्यातही ती मागेपुढे झुलायला लागायची आणि माई पदरानं डोळे टिपायच्या.

"भुकेल्या वासराला दावं लावून समोर चारा दाखवायचा, तसलं हे शिक्षण," त्या म्हणायच्या. आणि माझी पाठ फिरली की कमरेची चंची सोडून शरूच्या तोंडात हळूच खडीसाखर टाकायच्या. हेमाताईंनी एकदा त्यांना समोर बसवून समजावलं, "आजी, फुकट मिळालेल्या साखरेसाठी कुणी कष्ट करत नाही." माई म्हणाल्या, "बाई, नातीला गोड द्यायला आजीला कारण लागत नाही." दोघींचंही मला पटायचं. पंचाईत तीच होती.

एक गोष्ट मात्र माईंनाही आवडली होती. ती म्हणजे 'ये'. "शरू, ये" म्हटलं की जिथं असेल तिथून यायचं. हे घरापुरतं राहू नये म्हणून हेमाताईंनी शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही हाक मारायला सांगितलं होतं. तारा, पलीकडचे निवृत्त ड्रायव्हर, दूधवाला, सगळ्यांच्या खिशात खडीसाखर असायची. ज्यानं "शरू, ये" म्हणावं त्याच्याकडे ती सरळ धावत जायची. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. ज्या दिवशी ती पहिल्यांदा माईंच्या हाकेला आली त्या दिवशी माई अंगणात मटकन खाली बसल्या आणि तिला पोटाशी धरून कितीतरी वेळ रडल्या. त्यानंतर दिवसातून दहादा त्यांची हाक ऐकू यायची. "शरू, ये गं!" आणि शरू यायची.

सगळ्यांनी मिळून ती एकच गोष्ट इतकी पक्की केली होती.

ताराकडे पंगत उठली होती. पाट धुऊन भिंतीला टेकवले होते. शरूचा हिरव्या रंगाचा पाट ओळखून मी काढला.

"अगं, निदान पुरण तरी खाऊन जा," तारा म्हणाली.

"नंतर येते. तिची वेळ झालीय."

"बाई बाई, कलेक्टर व्हायचीय का तुझी लेक?" तारा हसली. मीही हसले. पाट काखेत मारून घराकडे निघाले.

अंगणात पाय टाकला आणि थांबले. काहीतरी कमी होतं. काय, ते कळायला एक क्षण गेला. किर्र किर्र नव्हतं.

आत गेले. सायकल उलटीच होती. चाक थांबलं होतं. माई देवापाशी होत्या, हातात तेलाची वाटी.

"शरू?"

"आतच आहे की."

"नाहीये."

मागचं दार सताड उघडं होतं. कडी कोणी काढली, कोणाची लावायची राहिली, हे मी त्यांना तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. परसात बघितलं, न्हाणीत बघितलं, मोरीमागे, कोळशाच्या ढिगामागे. हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात लांबून इंजिनाची शिटी झाली. मालगाडी. यार्डाकडे येणारी.

चाकं.

मी धावले. कॉलनीच्या मागे तारेचं कुंपण होतं, त्याला कोणीतरी येण्याजाण्यापुरतं भगदाड पाडलं होतं. पलीकडे गवत आणि मग रूळ. भगदाडातून वाकून बाहेर येताना पाठीत तार रुतली, पदर फाटला. उभी राहिले तर समोर शरू.

रुळांच्या पलीकडे. पिवळा फ्रॉक. रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर काढून तिथं टाकलेले होते, त्यांतल्या एकावर ती उभी होती. आमच्या मध्ये तेवढी एक लाइन. पावसाची भुरभुर होती, रूळ ओले चकचकत होते. डावीकडे वळणावर इंजिनाचं काळं तोंड दिसायला लागलं होतं. अजून लांब होतं, पण इतकंही लांब नाही की मी ओल्या खडीवरून तिच्यापर्यंत पोचून तिला धरून मागे होईन. आणि समजा मी धावले आणि ती माझ्याकडे धावली तर?

हे सगळं मनात पुरतं उमटायच्या आत माझ्या मागून हाक आली. मोठ्यानं, रोजच्यासारखी, जीव तोडून.

"शरू, ये गं!"

शरूनं मान वळवली. स्लीपरवरून खाली उतरली. सरळ चालायला लागली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

मी वळले आणि माझ्यामागून धावत आलेल्या माईंच्या तोंडावर हात दाबला. सासूच्या तोंडावर सुनेनं हात ठेवायचा तो काळ नव्हता. त्यांचे दात माझ्या तळहाताला लागले. डोळे मोठे झाले.

"ये म्हणू नका. माई, ये म्हणू नका."

त्यांना तेव्हा गाडी दिसली.

शरू खडीवर आली होती. अनवाणी. रूळ दोन-चार पावलांवर. इंजिनाची शिटी आता थांबतच नव्हती. "थांब" तिला कळत नव्हतं. "मागे जा" कळत नव्हतं. "नको", "गाडी", "शरू" यांतलं काहीच कळत नव्हतं. हे शब्द आम्ही अजून शिकवलेच नव्हते. तिला येत होतं ते एवढंच.

मी हात वर केला. पंजा उभा धरला. आवाज चढू दिला नाही. चढलेल्या आवाजात तिनं तो शब्द कधी ऐकलाच नव्हता.

"शरू, बस."

ती थबकली. खाली बघितलं. पाट शोधत होती. 'बस' म्हणजे पाट, आणि पाट म्हणजे घर. घराबाहेर आम्ही हा धडा कधीच घेतला नव्हता. पुढच्या आठवड्यात सुरू करू म्हणत होतो. तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि मग समोर बघितलं. माझ्याकडे नाही. माझ्या काखेकडे.

हिरवा पाट माझ्या काखेत होता. एवढ्या धावण्यात तो मी टाकलाच नव्हता.

शरूनं पाटाकडे बघत एक पाऊल पुढं टाकलं.

मी काख उघडली. पाट माझ्या मागे गवतात पडला, लुगड्याआड. पंजा तसाच उभा.

"शरू, बस."

आता तिला कुठंच पाट दिसत नव्हता. ती तशीच उभी राहिली. खांदे मागेपुढे व्हायला लागले. जमीन हादरत होती, ते माझ्या पायांना कळत होतं. तिच्या अनवाणी पायांनाही कळत असणार. चाकं येत होती आणि तिला ती ऐकू येत होती.

मग ती वळली. दोन-तीन पावलं मागे गेली आणि त्या लाकडी स्लीपरवर बसली.

तेवढ्यात गाडी आमच्यामध्ये आली.

मी आयुष्यात पुष्कळ मालगाड्या पाहिल्या. गार्डाच्या बायकोला त्यांचं काय कौतुक? पण त्या दिवशीसारखी लांब गाडी मी पुन्हा पाहिली नाही. इंजिन गेलं, मग डब्यामागून डबा. दोन डब्यांच्या फटीतून पिवळं काहीतरी दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. दिसलं. गेलं. दिसलं. चाकं तिच्यापासून पाच-सहा हातांवरून धडधडत होती. तिला जगात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट, एवढी मोठी, एवढी पुष्कळ, एवढ्या जवळ. सायकलच्या चाकाला तर ती नाक लावून बसायची.

मी पंजा खाली आणला नाही. तिला फटीतून तो दिसत असेल, नसेल. खांदा भरून आला. कुकरची एक शिट्टी केव्हाच होऊन गेली असती. दुसरी झाली असती. मग बंद डब्यांची रांग लागली, एकाला एक खेटून, आणि पलीकडचं काही दिसेना. मी वाकले, चाकांच्या मधून बघायला गेले, नुसता पाण्याचा फवारा आणि काळं लोखंड. मग एक फट आली. तिच्यात पिवळं नव्हतं. पुढची फट आली. तिच्यातही नव्हतं.

"दिसते का गं?" माईंनी माझ्या कानाशी विचारलं. त्यांनी माझा फाटका पदर मुठीत धरला होता. "शैला, दिसते का?"

मी पुढच्या फटीची वाट बघत राहिले, पंजा तसाच होता. तो माझा राहिलाच नव्हता, लाकडाचा झाला होता.

शेवटी गार्डाचा डबा गेला. आवाज मागे ओसरला.

शरू स्लीपरवर बसली होती. बसल्या बसल्या झुलत ती थोडी बाजूला सरकली होती, एवढंच. केस ओले होऊन कपाळाला चिकटले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर होते. ती गाडीकडे बघत नव्हती, माझ्या पंजाकडे बघत होती.

पंजा उभाच धरून मी रूळ ओलांडले. पंजा खाली आला तर ती उठेल, आणि ती उठायला नको होती. तिच्यासमोर जाऊन गुडघ्यांवर बसले आणि मग हात खाली घेतला. "शाब्बास," मी म्हटलं.

शरूनं हात पुढं केला. तिचं बरोबरच होतं. एवढा वेळ बसली होती ती. माझ्याकडे काहीच नव्हतं. खडीसाखरेचा डबा घरी फडताळात होता. मी तिचा तळहात धरला, त्याचा पापा घेतला. तिनं तो फ्रॉकला पुसला आणि पुन्हा पुढं केला.

मागून खडी वाजली. माई येत होत्या, एकेक दगड चाचपत, काष्टा सावरत. धाप लागली होती. कमरेची चंची काढली, पण पावसानं भिजलेली दोरी सुटेना. शेवटी दातांनी सोडली. खडीसाखरेचा खडा चिमटीत धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. शरूच्या तोंडात टाकला नाही. माझ्याकडे बघितलं.

"आता देऊ?" त्यांनी विचारलं.

एवढ्या दिवसांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"द्या, माई."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. नेहमीप्रमाणे पॅसेंजरनं पुण्याला गेलो. या खेपेला माईही आल्या. हेमाताईंनी सगळं ऐकलं. मीच विचारलं, "ताई, ती माझ्या सांगण्यावरून बसली, की चाकं बघायला बसली? खरं सांगा."

"हात कुठं होते तिचे?"

"गुडघ्यांवर."

"चाकं बघताना तिचे हात कुठं असतात?"

मी डोळ्यांकडे बोट केलं आणि तिथंच मला रडू कोसळलं.

"आणि ती स्लीपरची फळी?" थोड्या वेळानं हेमाताई म्हणाल्या. "पाट नाही तर फळी चालेल, हे कोणी शिकवलं तिला?"

"कोणीच नाही."

"तेच म्हणते मी. ते तिचं तिनं केलं." त्यांनी शरूच्या डोक्यावर हात ठेवला, शरूनं तो झटकला. "आज आपण 'थांब' शिकू. आजी, तुम्ही बसा समोर. आज तुम्ही शिकवायचं."

माईंनी पदर खोचला आणि बसल्या. पुढं अस्वलाचं नाव त्यांनी काढलं नाही. उलट आल्यागेल्याला पंजा उभा करून दाखवायच्या, हा असा धरायचा, मनगट वाकवायचं नाही. शरू 'थांब' शिकली, 'नको' शिकली, पुढं मोजके शब्दही बोलली. सगळं आलं असं नाही. आज ती चाळिशी ओलांडून गेली आहे, माझ्याजवळच असते. माझ्या भाचीची मुलगी आता हेच काम करते. ती सांगते, आजी, हल्ली आम्ही मुलांचे हात खाली करत नाही, त्या हातांचं त्यांना काहीतरी काम असतं. मी हसते. आमच्या घरी ते शास्त्र त्या शुक्रवारीच बदललं होतं. हेमाताईंना मी सगळं सांगितलं, एवढं एक सोडून.

त्या शुक्रवारी, गाडी गेल्यावर, शरूनं साखर गालात धरली होती. आम्ही तिघी त्या स्लीपरवर बसलो होतो. भुरभुर थांबली होती. यार्डाच्या दूरच्या टोकाला एक इंजिन रिकामे डबे ढकलत सावकाश चाललं होतं. शरूला ते दिसलं. तिचे हात गुडघ्यांवरून उठले, डोळ्यांच्या कडेला गेले आणि बोटं फडफडायला लागली.

'हात खाली' माझ्या ओठांवर आलं. सवयीनं हातही निम्मा पुढं गेला.

"राहू दे गं," माई म्हणाल्या. "पुष्कळ वेळ खाली ठेवले तिनं."

मी हात मागे घेतला. माई थोडा वेळ नातीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपले दोन्ही हात उचलले, सुरकुतलेली, तेलकट बोटं डोळ्यांच्या कडेला नेली आणि इंजिनाकडे बघत ती हलवून पाहिली. आधी हळू, मग भरभर.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "शैला, बघ तरी. असं केलं की चाकं थांबल्यासारखी दिसतात."